सिंकखालची पालकसभा

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा, भाऊजींचा खोकला आणि तुम्हा दोघांतला अबोला, तिन्ही आता बरे असतील. आम्ही बापलेक मजेत आहोत.

नळदुरुस्तीची कामं मी मोबाइलवरून घेतो, हे तुला ठाऊक आहेच. तो वाजला की वीस सेकंदांत हो म्हणायचं. दिवसात तीनदा नाही म्हटलं की तो रुसतो आणि दुसऱ्या दिवशी कामच देत नाही. (रुसव्याची सवय मला पोरीच्या आईने लावली होती, पण ती, होती तोवर, निदान कारण सांगायची.) त्यामुळे पोरीच्या वर्गशिक्षिकेने तीनदा भेटायला बोलावलं आणि तिन्ही वेळा मी कोणाच्या तरी मोरीत होतो.

मंगळवारी एका घरी सिंकखालचा पाइप गळत होता. कपाटात कमरेपर्यंत शिरलो, पाइप सोडवला (मुख्य कॉक बंदच होत नव्हता), फवारा तळहाताने दाबला, तोच वरून आवाज आला, “मोबाइलवर आडनाव पाहूनच वाटलं. चौथी ‘ब’चे पालक ना तुम्ही?” हात काढला तर बाईंचं घर बुडणार, न काढला तर मी. बाई स्टूल ओढून बसल्या आणि सभा सुरू झाली. माझे फक्त पाय बाहेर होते. तेच शक्य तितके नम्र ठेवले.

गणित उत्तम आहे. अक्षर तुझ्या वळणावर गेलंय. (मला ते कौतुक वाटलं, बाईंची ती तक्रार होती.) शाळा साडेतीनला सुटते, मी पोहोचतो सहाला, तोवर ती पहारेकऱ्याला भागाकार शिकवते. पण सोमवारपासून चारनंतर मुलांना थांबू देणार नाहीत. घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर तिला वसतिगृहात ठेवायचा विचार करा, असं बाई अगदी हळू म्हणाल्या. इथे माझा हात सुटला. बाई नखशिखांत भिजल्या.

तरी त्यांनी मोबाइलवर पाच तारे दिले. खाली लिहिलं: ‘काम नीट. सभेला प्रथमच वेळेवर.’

तू काळजी करू नकोस. तू यावंस असं मी मुळीच सुचवत नाही.

तुझा धाकटा

ता.क. बाईंना टॉवेल देता देता मी सांगून टाकलं, की माझी थोरली बहीण गेलं वर्षभर आमच्याकडेच राहते.

आणखी ता.क. बाईंना तुला सोमवारी साडेतीनला भेटायचंय. रविवारीच ये. पोरगी शाळेचा रस्ता दाखवून ठेवेल. वर्षभर इथे राहून तू तो कोणाला विचारणं बरं दिसणार नाही. सुट्टी लागायला तीनच महिने उरलेत.