चौतीस मजले आणि पाच कमानी

दि. ३ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,
खडूचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, आधीच कान पकडते. पण कारण ऐकलंत तर रागावणार नाही. तुमच्या गॅलरीसमोर छापखान्याची रिकामी जागा आहे ना, तिथे चौतीस मजल्यांची इमारत येणार आहे. ते काम आमच्या ऑफिसला मिळालंय, आणि तिचा दर्शनी भाग काढायचा कोणी? तुमच्या भाचीने! नऊ वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने आणि न्हाणीघरं काढली, आता कुठे एका इमारतीचा चेहरा माझ्या हातात आलाय.

बिल्डरचं म्हणणं एवढंच, की घरं आलिशान हवीत पण रूप परंपरेतलं हवं. त्यामुळे तळापासून माथ्यापर्यंत कमानी, खांब आणि कोरीव नक्षी. पुढच्या महिन्यात महापालिकेत जाहीर सुनावणी आहे, आणि शेजारपाजारच्या कोणालाही तिथे बोलता येतं. माझा मामा त्याच गल्लीत राहतो आणि चाळीस वर्षं दगड घडवत होता, हे आमच्या साहेबांना कुठूनसं कळलं. ते दोन शब्द चांगले बोलले तर वजन पडेल, असं साहेब म्हणाले. मीही छाती ठोकून सांगून टाकलं, की मामा नाचत येतील. काचेच्या इमारतींना जन्मभर ‘मत्स्यालय’ म्हणणारा माणूस आणखी काय करणार?

सोबत चित्रं पाठवतेय. मामीला दाखवा. आणि गुडघा शेकायला विसरू नका.

लोभ आहेच, त्याला ओहोटी लागू देऊ नये.
तुमची खडू

दि. ११ फेब्रुवारी

चि. खडू हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

चित्रं मिळाली. जेवायच्या टेबलावर पसरली आणि भिंग घेऊन बसलो. माझ्या मोजणीत दोनशे सोळा कमानी भरल्या, मामीच्या मोजणीत दोनशे अठरा. ती म्हणते माझ्या दोन सुटल्या, मी म्हणतो तिने दोन दोनदा मोजल्या. हा वाद अजून मिटलेला नाही.

माझ्या खडूने फरशीभर घरं काढायचीस, म्हणून तुझं हे नाव पडलं. हात अजून तसाच साफ आहे. पण पोरी, तू विचारलंस म्हणून खरं सांगतो. विसाव्या मजल्यावरचा तुझा खांब खाली येऊन सज्ज्यावर थांबतो. त्याच्या खाली काय आहे? हवा. कमानी कशाच्या, तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलंय ‘फायबर’. म्हणजे साच्यातून काढायच्या आणि स्क्रूने बसवायच्या. कमान ही दगडाने दगडाला धरून ठेवायची युक्ती आहे, खडू. ती भिंतीवर चिकटवली की नुसती भुवई उरते.

आणि खाली, रस्त्याकडे काय काढलंयस? बारा फुटी भिंत आणि कॅमेरे. मी जुन्या इमारती दुरुस्त केल्या, त्यांच्या पायथ्याशी वाटसरू घटकाभर टेकायचा, सावली रस्त्यापर्यंत यायची. तेवढंच नेमकं तू गाळलंस.

सुनावणीला मी जाईन, पण जे दिसतं तेच बोलेन. मामी म्हणते, जरा गोड शब्दांत लिहा. मला ते जमत नाही, तू जाणतेसच.

राग आला तरी लोभ ठेव.
मामा

दि. १७ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला काच नको. आता कमानीही नकोत. मग माणसांनी काय तंबूत राहायचं?

साहेबांना तुमचं पत्र दाखवलं नाही, पण तुम्ही विरोधात बोलणार एवढं सांगावं लागलं. ते शांतपणे म्हणाले, घरचंच माणूस विरोधात उभं राहणार असेल तर हे काम दुसऱ्या कोणाकडे दिलेलं बरं. नऊ वर्षं, मामा! तुम्हाला भुवया दिसल्या, त्यामागची माझी उमेद दिसली नाही.

आणि एक विचारू का? बँकेच्या दारावर तुम्ही दगडी वेल कोरलात, मला बोट धरून दाखवायला नेलं होतंत. ती पानं कसला भार पेलतात? तुमची नक्षी ती कला आणि माझी ती लबाडी, हा कुठला न्याय?

सुनावणीला येऊ नका, एवढीच विनंती.

लोभ असावा. आज याहून जास्त लिहवत नाही.
खडू

दि. २४ फेब्रुवारी

चि. खडूस आशीर्वाद.

तुझी ती पानं डोक्यातून जाईनात. शेवटी काठी घेतली आणि बँकेत जाऊन तासभर दारासमोर उभा राहिलो. रखवालदाराला संशय आला. त्याने दोनदा विचारलं, काय काम आहे. मी म्हटलं, हे दार माझं आहे. त्यावर त्याने मला खुर्ची आणून दिली, बहुधा माझ्या डोक्याची काळजी वाटून.

तुझं खरं आहे. ती पानं काहीही पेलत नाहीत. मला कोरावीशी वाटली म्हणून कोरली. तेव्हा नक्षी म्हणजे लबाडी असं मी सुचवायला नको होतं. ते मी मागे घेतो.

पण बसल्या बसल्या एक गोष्ट दिसली. खालची पाच-सहा पानं गुळगुळीत झालीत. येणारा-जाणारा पायरी चढताना तिथे हात टेकतो, पोरं बोट फिरवतात. वरची पानं मात्र काल कोरल्यासारखी खडबडीत आणि धुळीने भरलेली. तिथवर कोणाची नजरसुद्धा जात नाही. हात पोचतो, डोळा पोचतो, तिथे नक्षीला अर्थ आहे. विसाव्या मजल्यावर ती कोणासाठी, पारव्यांसाठी?

तू नको म्हणालीस, तर मी येणार नाही. शब्द देतो. मामीचं मात्र मी काही सांगू शकत नाही. तिने इस्त्रीची साडी काढून ठेवली आहे.

मनात अढी धरू नकोस, लोभ धर.
मामा

दि. ८ मार्च

तीर्थरूप मामांस,
खडूचा सा. न. वि. वि.

मामीने घरी येऊन काय सांगितलं कोण जाणे. माझ्या तोंडूनही ऐका.

सभागृह भरलं होतं. आधी तुमच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका बोलल्या. त्यांचा मुद्दा मला पटण्यासारखाच होता. त्या म्हणाल्या, काचेचा डोंगर समोर उभा राहण्यापेक्षा कमानी शंभर पटींनी बऱ्या, निदान आपल्या गल्लीशी काही नातं वाटेल. टाळ्या पडल्या. साहेब माझ्याकडे बघून हसले. मग मामी उठली. ती म्हणाली, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान वर करकरून सातवा मजला दिसतो, पुढे मान दुखते. वरच्या सत्तावीस मजल्यांवरच्या कमानी मला बघायच्याच नाहीत. पण मंडईतून पिशव्या घेऊन येताना तुमच्या बारा फुटी भिंतीपाशी मी टेकू कुठे, ते सांगा. सभागृह हसलं, पण मुख्याध्यापिकाबाईंनीच मान डोलावली आणि म्हणाल्या, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

अध्यक्षांनी आर्किटेक्टला उत्तर द्यायला सांगितलं. माझ्या हातात साहेबांनी टाईप करून दिलेली दोन पानं होती. उठले, आणि मामा, ती वाचताच येईनात. तुमचं पत्र आल्यापासून मी घरी गुपचूप दुसरंच चित्र काढत होते, ते बोलून टाकलं. खाली रस्त्याला लागून पाच खऱ्या दगडी कमानी, त्यांच्या सावलीत कोणालाही बसता येईल असा लांब कट्टा, नक्षी तेवढ्यातच. वर सगळं साधं, फक्त ऊन अडवणारे खोल सज्जे. मुख्याध्यापिकाबाईंना नातं मिळतं आणि मामीला बसायला जागा.

साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. पण बिल्डरने एकच प्रश्न विचारला, दगडाची कमान बांधणारी माणसं आज मिळतील का? मी म्हटलं, मिळतील. तुम्हाला न विचारता म्हटलं. चित्र मंजूर झालंय आणि काम माझ्याकडेच राहिलंय. साहेब चार दिवस बोलले नाहीत. काल स्वतःहून म्हणाले, पुढच्या वेळी दुसरं चित्र आधी मला दाखव.

तेव्हा आता सांगा, मिळतील ना? आणि त्या पत्रात मी जे तोडून लिहिलं, ते पोटात घाला.

लोभाची हक्कदार,
खडू

दि. २० जानेवारी

चि. खडू हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तू नेमकी परगावच्या कामावर, म्हणून सविस्तर लिहितो. काल पहिल्या कमानीला खालून तोलून धरणारा लाकडी साचा काढला.

माझी माणसं सहा. सगळी फरशा बसवणारी, दगडाशी ओळख नाही. दहा महिने मी खुर्चीत बसून काठीने दाखवत होतो आणि ते छिन्नी चालवत होते. सुरुवातीला इतका दगड फुकट गेला की मुकादम माझ्याकडे बघेनासा झाला. आता त्यांच्यातला एक जण दगड वाजवून सांगतो, आतून तडा आहे की नाही. मला हे शिकायला तीन वर्षं लागली होती.

तुला खोटं आवडणार नाही म्हणून सांगतो, चौतीस मजल्यांचा भार आपल्या कमानींवर नाही, तो मागच्या काँक्रीटवर आहे. पण स्वतःचा आणि वरच्या दगडी सज्ज्याचा भार त्या खरोखर पेलणार आहेत.

साहेब मोबाईल रोखून उभे होते. मुख्याध्यापिकाबाई छत्री घेऊन आल्या होत्या, दगड पडला तर छत्री काय करणार कोण जाणे. पोरांनी खालच्या पाचरी एकेक ठोकून काढल्या. साचा बोटभर खाली आला. कट असा बारीक आवाज झाला, दगड एकमेकांवर बसल्याचा. कमान हलली नाही. मला म्हणशील तर काही विशेष वाटलं नाही, जन्मभर हेच केलं.

फोटो साहेब पाठवतीलच. आलीस की सरळ इकडेच ये.

लोभ होताच, आता कौतुकही आहे.
मामा

ता. क. मी मामी लिहितेय. वरचं पत्र मला वाचायला दिलं, म्हणून दोन ओळी. काही विशेष वाटलं नाही म्हणे! काल सकाळपासून तीन वेळा चहा गार केला. तो आवाज झाला तेव्हा माझा हात असा घट्ट धरला की अजून बोटं दुखताहेत. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, चारचौघांत यांनी माझा हात कधी धरलेला मला आठवत नाही. मीही सोडवून घेतला नाही. अजून चार कमानींचे साचे निघायचे आहेत. मी प्रत्येक वेळी जाणार आहे.