झेलायला कुणी नसताना

८ एप्रिल

प्रिय बाबा,

नमस्कार. वाकून करायचा नमस्कार तुम्ही परगावचं रंगकाम आटपून आल्यावर, सध्या खांदा भयंकर दुखतोय. का ते सांगतेच.

इकडे सगळं ठीक. आईने शिलाई मशीनला तेल घातलं, आता ते कुरकुरत नाही, तीच कुरकुरते. धाकट्याचा दात पडलाय आणि दिसेल त्याला तो फट दाखवत सुटलाय. तुमचे घरी राहिलेले ब्रश धुऊन टांगून ठेवलेत.

तर खांदा. आठशे मीटरमध्ये मी नेहमीप्रमाणे शेवटची आले. खेळाचे सर (त्यांना आम्ही शिट्टी सर म्हणतो, ते चहासुद्धा शिट्टी बाजूला सारून पितात) म्हणाले, "धावायचा एवढा कंटाळा आहे ना, मग भाले गोळा करून आण." भाला हातात धरून, चालत परत आणायचा, उलटा फेकायचा नाही, हा मैदानाचा पहिला नियम. पण मैदान केवढं! म्हटलं, कोण पायपीट करणार? सगळे पाणी प्यायला गेले होते. उचलला एक आणि परांचीवर तुमच्याकडे रोलरची काठी टाकते तसा दिला सोडून.

बाबा, तो खालीच येईना! सगळे जिथून फेकतात ती रेघ ओलांडून पार टाकीजवळच्या गवतात जाऊन रुतला. सरांनी असं काही झापलं की तोंडातली शिट्टी पडली. मग मैदान रिकामं करून हळूच म्हणाले, "पुन्हा टाक बघू." मग पुन्हा. मग पुन्हा. "कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "भिंती रंगवताना." त्यांना थट्टाच वाटली. शेवटी समजावून सांगितलं, काठी जरा डगमगली की रंग बाबांच्या तोंडावर उडतो, म्हणून ती सरळच जावी लागते.

आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी शेवटची नाहीये. इतकं छान वाटतंय म्हणून सांगू!

तुमचा खोकला गेला का? तिथलं जेवण बरं आहे का?

बरं, आढेवेढे पुरे. आई म्हणते, "तूच लिही, मी मध्ये पडणार नाही." सुट्टीत भालाफेकीचं शिबिर आहे, सरांनी माझं नाव दिलंय. आणि त्याच सुट्टीत आपण दोघांनी दवाखान्याची इमारत रंगवायचं ठरवलंय. ठेकेदाराला तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत, मला गडी नको, माझी मुलगी आहे. मला शिबिराला जायचंय, बाबा. पण तुम्ही नको म्हणालात तर कामावर येईन आणि तोंड फुगवणार नाही. फोनवर विचारलं नाही, कारण तुम्ही नुसतं "बरं" म्हणाला असतात आणि त्यावरून मला काहीच कळलं नसतं.

काठी हातात धरून खाली उभी असलेली,
तुमची शिडी

१५ एप्रिल

शिडीबाई,

अनेक आशीर्वाद. मला लिहायचा कंटाळा, तुला ठाऊकच आहे.

पत्र वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तुझी बडबड ऐकत काम करायची सवय झालीय. दिवसभर लक्ष नव्हतं. मग इथल्या गड्याला म्हटलं, काठी वर फेक. दोनदा रंग तोंडावर घेतला. नंतर मीच खाली उतरून काठी आणली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, तू काय करत होतीस ते. मी आपला वर बसून नुसती मूठ मिटायचो!

इमारत गडी घेऊन रंगवतो. ठेकेदाराचं मी बघतो. तू जा. खांद्याला शेक घे आणि शिट्टी सरांना माझा नमस्कार सांग. खोकला गेला.

एकच सांगतो. मला झेलता यावं म्हणून तू नेहमी जरा बेतानेच फेकायचीस. वरून दिसायचं मला. तिथे झेलायला मी नाही. हातचं राखून फेकू नकोस.

परांचीवरून बघणारा,
तुझा बाबा