गजेंद्र कशाने गेला

गोत्री, बडोदे

प्रिय यशश्री,

दर रविवारी फोन ठेवताना तू तेच म्हणतेस, "बाबा, मीच सलीलला वेळेवर डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं." मी "नशीब, बेटा" म्हणतो. पुढचे बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितो आहे.

अनय लेस्टरला जन्मला, तेव्हा तुम्ही त्याच्या नाळेतले रक्त एका अभ्यासासाठी दिले होते. आपल्या आणि गोऱ्यांच्या बाळांच्या रक्तातली चरबी जन्मापासूनच वेगळी असते का, पुढच्या हृदयविकाराशी तिचा संबंध लागतो का, हे त्यांना पाहायचे होते. अनयचे कोलेस्टेरॉल इतर भारतीय बाळांपेक्षाही बरेच जास्त निघाले. घरात कोणी लहान वयात हृदयविकाराने गेले का, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले. सलीलने तिथूनच मला फोन लावला, "बाबा, गजेंद्रकाका स्कूटरच्या अपघातातच गेले ना?" मी हो म्हणालो. तुमच्या लोकांत थोडाफार फरक दिसतोच, वर्षभराने पुन्हा तपासू, असे सांगून बाईंनी तुम्हाला घरी पाठवले.

यशश्री, अपघात झालाच नव्हता. माझा धाकटा भाऊ प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम करता करता छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. चौतीस वर्षांचा होता. आमचे वडीलही चाळिशीच्या आत असेच गेले. घरातल्या मुलांची लग्ने अडतील म्हणून आई म्हणाली, "स्कूटरवरून पडला असंच सांगा." तुमचे लग्न ठरवताना तुझ्या वडिलांनी विचारले तेव्हा मी तेच सांगितले. सलीललाही तेच. बावीस वर्षे मी ज्या गोळ्या घेतो, त्या ब्लडप्रेशरच्या नाहीत, कोलेस्टेरॉलच्या आहेत. मला कळले होते, तेव्हाच सलीलला सांगितले असते तर!

अनय सात महिन्यांचा असताना सलीलही तसाच गेला. तू तुपाला, ऑफिसच्या ताणाला, स्वतःला बोल लावत राहिलीस आणि मी नुसता ऐकत राहिलो.

काल तू सहज म्हणालीस, "अनयची ती तपासणी रद्द केली, उगाच कशाला टोचायचं." तुझ्या पाया पडतो, ती तपासणी करून घे. बाईंना सांग, पणजोबा, चुलत आजोबा, बाप, तिघेही चाळिशीच्या आत गेले. या पत्राचा फोटो आत्ताच पाठवतो आहे, तो त्यांना दाखव. नंतर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. फक्त अनयचे काय निघाले, एवढे कोणाकडून तरी कळव.

तुझाच,
दीनानाथ
(बाबा लिहायला आज हात धजत नाही)