खापरपणजीची चूल

प्रिय गिरजा,

मी सुखरूप हाय. गावात रेंज न्हाई म्हणून हे कार्ड. आईचा खोकला कसा हाय?

इथं आसामात आमचा रेल्वेचा पूल बांधून झाला. उद्या त्याच्या खालचे टेकू काढणार. आपल्या ओढ्यावरचा दगडी पूल लई आठवतोय. खापरपणजोबानं त्याची कमान बांधली. लाकडी टेकू काढताना मजूर लांब पळाले, आन् खापरपणजी मात्र खाली चूल मांडून भाकऱ्या थापत बसली. अजून त्याच कमानीवरनं गाडी जातीया.

उद्या साहेब समद्यांना लांब उभं करणार. भिऊ नगंस, मीबी लांबच असणार. पण टेकू निघतील तवा माझी नजर पुलाखाली तुलाच हुडकंल.

तुझाच,
वासू