भुंग्याच्या भेटीचा हक्क

३ जानेवारी
आजपासून रडगाणं बंद. तसंही मी रडत नाही. मुलगा गेला त्या दिवशीसुद्धा आलेल्यांना खुर्च्या मीच मांडून दिल्या. सून भुंग्याला घेऊन तिच्या आईकडे राहते, इथून तीन बसस्टॉप. भुंगा म्हणजे माझी नात; सारखी गुणगुणते म्हणून मुलाने ठेवलेलं नाव. इतके महिने झाले, एकदाही ‘या’ म्हणून आमंत्रण नाही. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हे कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्सनी आमच्या अंगी बाणवलंय. धाकटा भाऊ म्हणतो, ताई, अगं बेल वाजव नि जा आत. आमची शाळा फक्त मुलींची होती, त्याला कुठून मॅनर्स येणार!
संकल्प : यापुढे भावना नाहीत. फक्त कायदा.

९ जानेवारी
वकीलबाईंकडे गेले. बाई कसली, पोरगीच. माझी छत्री तिच्याहून थोरली असेल. म्हणाली, आजीला अर्ज करता येतो, पण कोर्ट आजीचा हट्ट बघत नाही, मुलीचं हित बघतं. म्हटलं, मुलीचं हित तुमच्यासमोरच बसलंय. मग विचारते, सूनबाईंनी तुम्हाला कधी दारातून परत पाठवलं का? म्हटलं, दारापर्यंत जाण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. ती बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसली. केस भक्कम आहे.

१० जानेवारी
सुनेचा फोन. उचलला नाही. विरुद्ध पक्षाशी परस्पर बोलणं बरं दिसत नाही.

२ फेब्रुवारी
नोटीस गेली. भाऊ खवळला. तीन स्टॉपवरच्या पोरीला भेटायला दोन बस बदलून कोर्टात जाणार म्हणजे तुझी कमाल आहे, म्हणाला. त्याला प्रोसीजर कळत नाही.
मुलाचं कपाट आवरायला घेतलं. उघडलं, बंद केलं. उद्या बघू.

३ फेब्रुवारी
कपाट उद्या.

१४ मार्च
कोर्टाने आधी समुपदेशकाकडे पाठवलं. सून वाळली आहे. म्हणाली, आई, मी कधी नको म्हटलं? घरच्या माणसाला का कुणी आमंत्रण देतं? मी तर रोज वाट बघायचे. आणि मग म्हणाली, मला वाटलं, तुम्हाला भुंग्याचं तोंड बघवत नसेल, हसली की अगदी त्याच्यासारखी दिसते ना. हे बोलताना रडली. मी माझा इस्त्रीचा रुमाल दिला. मुद्दा केसशी संबंधित नव्हता.
समुपदेशक म्हणाले, झालं तर मग, अर्ज मागे घ्या आणि आजच घरी जा. म्हटलं, अहो, तोंडी गोष्टींवर मी विसंबत नाही. मला लेखी हवं. सुनेने माझ्याकडे पाहिलं नि म्हणाली, देऊन टाका लेखी.

२२ एप्रिल
जिंकले! दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, चार ते पाच, कोर्टाच्या भेट-खोलीत. वेळ नेमकी नि जागा तटस्थ हवी, हे मीच अर्जात घातलं होतं. भावाला फोन केला. म्हणाला, अभिनंदन ताई, वर्षातून अर्धा दिवस मिळवलास. मत्सर, दुसरं काय.

१३ मे, रात्रीचं जेवण झाल्यावर
पहिली भेट. भिंतीला हिरवा रंग, प्लॅस्टिकचं टेबल, चाक निखळलेली मोटार. कोपऱ्यात देखरेखीच्या बाई विणत बसल्या होत्या. सून दारातूनच परत फिरली, ऑर्डरमध्ये तसंच आहे.
भुंगा उंच झाली आहे. पुढचे दात आलेत. अभ्यास विचारला, सांगितला. शाळेची बस विचारली, सांगितली. मग ती हसली.
भिंतीवर सूचना होती. खोलीत खाऊ नये, मोठ्याने बोलू नये, वस्तू जागेवर ठेवाव्यात. मी ती वाचून काढली. पुन्हा वाचली. भुंगा म्हणाली, आजी, मी इकडे आहे.
मी उठले. विणणाऱ्या बाई म्हणाल्या, अहो, अजून बराच वेळ आहे तुमचा. म्हटलं, पहिल्या दिवशी एवढं पुरे.
तास संपायच्या आत निघालं तर हक्काला बाध येतो का, हे ऑर्डरमध्ये स्पष्ट नाही. सोमवारी वकीलबाईंना विचारायचं.