मनमोहनरावांना खुर्चीतून उचललं त्याची हकीकत

डिलाईल रोड, रविवार

रामू भावोजी यांस (भावोजी लिहायचं म्हणून लिहिलं, मी लग्न होऊन वाडीत आले तेव्हा तू माझ्या पदराला नाक पुसायचास), शेवंती वहिनीचा भरभरून आशीर्वाद. आम्ही इथे धडधाकट. सुभद्राच्या पायाचं प्लास्टर निघालं का, म्हैस व्याली का, ते कळव. फोन का नाही केला म्हणशील, तर तू फोनवर ‘थांब, दरडीवर चढतो’ म्हणतोस आणि तिथूनच गडप होतोस. शिवाय सोबत कागद आहे, तो फोनमधून जात नाही. (नात म्हणते जातो. जाऊ दे तिचा.) माझी शाळा चौथीपर्यंत, चुका पोटात घाल.

आज मी इतकी खूश आहे आणि इतकी संतापले आहे की चहात दोनदा साखर घातली. मेलं हे आपलं मुंबई मंडळ! वाडीची जमीन सामाईक, सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली सोळा मुंबईत. म्हणून वाडीला रस्ता हवा की नको हे वाडीत राहणाऱ्याने नाही ठरवायचं, ते लालबाग-परळात पंख्याखाली बसून ठरणार. तुझे काजू डोक्यावरून उतरेपर्यंत भिजून काळे पडतात, ते कोणाच्या डोक्यात नाही. अध्यक्ष मनमोहनराव दर बैठकीत सांगतात, गावाचं गावपण जपलं पाहिजे. हे राहतात वरळीला अठ्ठाविसाव्या मजल्यावर. तीन लिफ्ट, त्यातली एक नुसती सामानाला! मे महिन्यात आठ दिवस टोपी घालून येतात, ओढ्यात पाय सोडून बसतात, आणि तेवढ्यासाठी तुम्ही वर्षभर ओढ्यातून चालायचं. मंडळातला तो विनीत म्हणतो, रस्ता आला की वेफर्सची पाकिटं येतील. मी म्हटलं, अरे विनीत, गेल्या वर्षी ओढ्यातून तुझ्याच पोरांची पाकिटं मी वेचली! त्यापेक्षा जांभ्याची पाऊलवाट करू म्हणाला, फोटो छान येतात. (आपल्या वाडीतली सुंदराबाईही रस्ता नको म्हणते असं ऐकलं. गाडीतून चोर येतील म्हणे. तिच्याकडे चोरायला आहे काय, खुडूक कोंबडी?)

मार्चमध्ये माझी जाऊ सुभद्रा बांधावरून पडली, पाय मोडला, आणि तुम्ही चौघा म्हाताऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून डांबरीपर्यंत नेलं, तेव्हापासून माझ्या पोटात आग आहे. अडीच तास! वर ओढ्यात खुर्ची कलंडली ती वेगळीच. मी हे मंडळात सांगितलं तर सगळ्यांनी च्‌ च्‌ केलं आणि दुसरी बशी पोहे मागितले. या तीस तारखेच्या आत संमतीपत्र तालुक्याला गेलं नाही तर रस्त्याची मंजुरी परत जाणार, हे त्या पोहे खाणाऱ्यांना ठाऊक होतं.

मंडळाची खोली जुन्या चाळीबरोबर गेली, तेव्हापासून बैठक पाळीपाळीने एकेकाच्या घरी होते. आज माझी पाळी. आमच्या नव्या बिल्डिंगच्या फळ्यावर शुक्रवारपासून कागद लावलाय, लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद. मी तो अक्षर अक्षर लावून वाचला आणि दोन दिवस कोणाला बोलले नाही. माझं घर अकराव्या मजल्यावर.

सगळे आले. मनमोहनरावांचा गुडघा पहिल्याच मजल्यावर बसला. मी सहज म्हणून प्लास्टिकची खुर्ची घेऊन खालीच उभी होते. म्हटलं, परत कशाला जाता? आपल्या गावची रीत आहे, चालवत नसेल त्याला चौघांनी उचलायचं. अध्यक्षांना नाही कसं म्हणणार? विनीत पुढे, तिघे बाकीच्या पायांना, आणि निघाली वरात. तिसऱ्या मजल्यावर खुर्ची कलंडली. मनमोहनराव ओरडले, “हळू रे विन्या, पाडशील!” मी मागून म्हटलं, “सुभद्राही ओढ्यात हेच म्हणाली होती.” पाचव्यावर ते मान वळवून म्हणाले, “शेवंतीबाई, तुमचा तो मागचा कागद...” मी पटकन त्यांच्या तोंडात बेसनाचा लाडू घातला.

सातव्यावर विनीतने खुर्ची टेकवली आणि सांगितलं, आता वरही नाही आणि खालीही नाही. पंधरा पुरुष जिन्यात धापा टाकत बसले. मी कमरेचं संमतीपत्र काढलं. मनमोहनरावांनी लाडू गिळला आणि विचारलं, सुभद्राला किती वेळ लागला म्हणालात? म्हटलं, अडीच तास. त्यांनी खुर्चीचा घट्ट धरलेला हात सोडला. मग पेन मागितलं. त्यांच्यामागून बाकीच्यांनी जिन्यातच ओळीने सह्या ठोकल्या. तुझ्या वहिनीने रस्ता आणला रे!

सुभद्राच्या गालावरून हात फिरव.

तुझी,
शेवंती वहिनी

ता.क. कागद नीट मोजशील तर सह्या पंधराच आहेत. सोळावी माझी, ती मी केलेली नाही. रस्ता माझ्या वाट्याच्या फणसावरून जातो, आणि तो सासूबाईंनी लावलेला. दोन वर्षांपूर्वी मीच नातीकडून, जुईकडून, मंडळाला लिहवून घेतलं होतं की माझी हरकत आहे. मनमोहनराव पाचव्यावर तेच बोलणार होते. रस्ता थोडा डावीकडून वळव की. सुंदराबाईच्या परसातून जाईल, तिचे चोरही परस्पर पकडले जातील.

ता.क. पत्र टाकायला निघाले तर लिफ्ट अजून बंद. चालत उतरले. सहाव्यावर माझा गुडघा गेला. खाली जाववेना, वर जाववेना, जिन्यात चिटपाखरू नाही, आणि मला उचलायला चौघे तरी कुठून आणू? अर्धा तास तिथेच बसले आहे. सही केली. वाकडी आली आहे, पण माझीच आहे. यंदाचे गरे खाऊन मग फणस तोड. लाकूड विकू नकोस, त्याचं बाकडं करून दारात ठेव. गाडी येईपर्यंत सुभद्राला बसायला होईल.