न चमकलेल्या पेशी

४ मार्च, सकाळ
आजपासून कुणावर चिडायचं नाही. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये लॅबच्या मॅडमना जिवंत पेशी दुभंगताना दाखवायची आहे. डीएनएला निळा रंग लावायचा, मायक्रोस्कोपचा लाइट टाकायचा, शूटिंग करायचं. पोरखेळ. फिल्म झाली की फेलोशिप वर्षभर वाढते. नाही झाली तर मी मेहुण्याच्या पेंटच्या दुकानात बसायचं, हे बायकोने आणि तिच्या वडिलांनी परस्पर ठरवून टाकलंय.

४ मार्च, दुपार
चिडलो. इन्क्युबेटर उघडला की आंबूस भपका. ग्लोव्ह्ज आतून चिकट. शेजारच्या टेबलावर तो सहकारी, थेंब न् थेंब मोजतो म्हणून मी त्याला थेंबमोज्या म्हणतो. रंग मोजताना हा प्राणी श्वास रोखून धरतो आणि मग माझ्या मानेवर सोडतो. शिसारी आली.

७ मार्च
पेशी फिक्या दिसतात. रंग दुप्पट घातला. थेंबमोज्या म्हणाला, अति तिथं माती, हा रंग आणि वर हा लाइट, पेशी भाजून निघतील. लाइट कमी ठेव, सारखं बघू नकोस. मी म्हटलं, न बघता शूटिंग कसं करतात ते तुझ्या घरी विचारून ये. लाइट फुल केला.

११ मार्च
दिवसभर डोळा लावून बसलो. एक पेशी दुभंगेल तर शपथ. प्लेटच्या कडेला, जिथे लाइट पोचत नाही, तिथल्या मात्र भराभर वाढल्यात. मुद्दाम. घरी आलो तर बायको म्हणते, डोळे आलेत का, टॉवेल वेगळा घ्या.

१५ मार्च
निळा रंगच भिकार आहे. फ्रीजच्या तळाशी लाल रंगाची बाटली सापडली. बाहेरून कुणाचा तरी जॅम चिकटलेला, त्यात एक केस. नाक दाबून पुसली. रंग जुन्याच प्लेटवर टाकला. नवीन प्लेट करायला वेळ कुणाला आहे?

संध्याकाळ
जिंकलो. मधली एकूण एक पेशी लालबुंद. कडेच्या आळशांनी रंगच घेतला नाही, त्यांना फोटोतून कापून टाकलं. थेंबमोज्या बघायला आला, काहीतरी बोलणार होता. मी हात वर करून गप्प केलं. जळतात लोक.

१६ मार्च
फोटो मोठा छापून, फ्रेम करून सासऱ्यांना दिला. खाली लिहिलं, 'जिवंत पेशी'. सासरे रिटायर्ड हेडमास्तर, भेटले की विचारतात, संपलं का शिक्षण? आज तो प्रश्न विसरले. हॉलमध्ये मधोमध लावला. मेहुणा म्हणाला, शेड मस्त आहे, भाऊजी. याची अक्कल पेंटच्या डब्यापुरतीच.

२८ मार्च
मीटिंग. फिल्म नव्हती, फोटो दाखवला. म्हटलं, चमकतायत एवढ्या, तर आज ना उद्या दुभंगतीलच. मॅडमनी विचारलं, रंग कुठला? सांगितला. मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, अरे, हा रंग जिवंत पेशी आत घेतच नाही. पेशी मेली, आवरण फाटलं, की मगच तो शिरतो. मग विचारलं, आणि न चमकलेल्या कुठे आहेत? म्हटलं, कापल्या. म्हणाल्या, तेवढ्याच जिवंत होत्या.
कुणी हसलंसुद्धा नाही. थेंबमोज्याने त्याचा पाण्याचा ग्लास पुढे केला. काठावर बिस्किटाचा चुरा होता. प्यायलो.

३१ मार्च
फेलोशिप वाढली नाही. असल्या घाणीत आणखी वर्षभर राहिलो असतो तर आजारी पडलो असतो. सासऱ्यांकडे फोटो उतरवायला गेलो. बायकोने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. सासरे म्हणाले, राहू दे, मेलेल्या असल्या तरी दिसायला बऱ्या आहेत. फक्त खालचं 'जिवंत' त्यांनी पेनाने खोडलं होतं. मेहुणा म्हणाला, दुकान नऊला उघडतं, भाऊजी, गल्ल्यावर बसा, वाटलं तर डबे पुसा, रंग मिसळायच्या मशीनला मात्र हात लावू नका.